मताचा हक्क व मताची राखण
(वर्धाकांठच्या मुलखांतील मतदान-नियमांचा इतिहास)

महजर, करीने, सनदा व वंशावळी यांच्या शोधार्थ आमचे संशोधक मित्र गांवोगांव हिंडतात आणि मोडक्या फडताळांतून व माळ्यावरील पेटाऱ्यांतून जें कांहीं हातीं लागेल तें जपून नेतात. परंतु त्याच पेटाऱ्यांत, पुष्कळदां त्याच रुमालांत बांधलेल्या, एका वर्गाच्या कागदांकडे त्यांची दृष्टि सहसा वळत नाहीं. हे कागद म्हणजे जुन्या निवडणुकींच्या छापील मतदार-याद्या, उमेदवारांचीं पत्रकें, मतदानाच्या नोटिसा व लोकल बोर्डाचा पत्रव्यवहार. ते मोडींत नाहींत, त्यांवर शिक्कामोर्तब नाहीं, आणि वयानें ते शंभर-सव्वाशें वर्षांपलीकडे क्वचितच जातात. म्हणून 'नवीन' समजून ते रद्दीच्या तागडींत पडतात. वास्तविक गांवाच्या वतीनें बोलण्याचा अधिकार कोणाचा, आणि तो अधिकार भीतीवांचून व लबाडीवांचून कसा बजावला जावा, या प्रश्नावर आमच्या प्रांतांत पाऊणशें वर्षें वाद चालला होता, व त्याचा अस्सल पुरावा याच कागदांत आहे. त्या वादाची हकीकत आमच्या आष्टी-आर्वी भागापुरती, व जरूर तेथें प्रांतापुरती, येथें मांडण्याचें योजिलें आहे.

आष्टीस येणारे संशोधक बहुधा जहांगीर बादशहाच्या वेळचा सरदार महंमदखान नियाजी याच्या घराण्याच्या कबरी पाहून परत जातात. सामान्य वाचकास हें गांव १६ आगस्ट १९४२ च्या उठावामुळें ठाऊक आहे. आमच्या प्रस्तुत विषयाच्या दृष्टीनें मात्र तिसरीच गोष्ट महत्त्वाची आहे, ती म्हणजे गांवाची जागा. वर्धा जिल्हा १८६२ मध्यें निर्माण झाला व आष्टी त्याच्या आर्वी तहशिलींत मोडत असे. तिला स्वतंत्र तालुक्याचें ठिकाण म्हणून मान मिळाला तो पुष्कळ मागाहून. वर्धा नदीच्या अलीकडे मध्यप्रांत, पलीकडे वऱ्हाड. एका तीरावर मालगुजारी, दुसऱ्या तीरावर रयतवारी. एक तीर ब्रिटिश हिंदुस्थानांत, दुसरें कागदोपत्रीं निजामाचें. एकाच बाजारांत येणारे, एकमेकांत सोयरीक करणारे लोक, पण मताच्या बाबतींत दोन निराळ्या कायदेशीर जगांत राहणारे.

आमच्या भागांत कायद्यानें मत असें जें प्रथम आलें तें लॉर्ड रिपन यांच्या १८८२ च्या ठरावानंतर, मध्यप्रांताच्या १८८३ च्या स्थानिक स्वराज्याच्या कायद्यानें. त्याची रचना पाहण्यासारखी आहे. गांवांचे गट पाडले. प्रत्येक गटांतील गांवांच्या मुकादमांनीं आपल्यांतून लोकल बोर्डावर प्रतिनिधि निवडावा. व्यापारी व धंदेवाईक वर्गानें आपले निराळे निवडावे. सरकारनें नेमावयाचे सभासद एकतृतीयांशाहून अधिक नसावे. आणि लोकल बोर्डांतून पुढें डिस्ट्रिक्ट कौन्सिल बनावें. म्हणजे मत माणसाचें नव्हतें, मुकादमीचें होतें. आतां १८८१ च्या जमीनमहसुलाच्या कायद्याखालीं मुकादम कोण असे? बहुधा मालगुजार स्वतः, नाहीं तर त्याच्या मर्जीतला माणूस. ज्या कुळांचा खंड मालगुजार वसूल करीत असे, त्यांच्या वतीनें बोर्डांत बोलणाराहि तोच. या निवडणुकींत लबाडी झाल्याचा बोभाटा नसावा यांत नवल नाहीं. चारपांच मुकादम पारावर बसून जें ठरवीत त्यांत लबाडीला जागाच कोठें होती?

या ठिकाणीं कोणी म्हणेल कीं आमची जुनी गोतसभा याहून बरी होती. तें अर्धेंच खरें आहे. महजराखालीं पाटलाच्या नांवापुढें नांगर, आणि बलुतेदारांच्या नांवांपुढें ज्याच्या त्याच्या धंद्याचीं आउतें काढलेलीं आम्ही पाहतों, तेव्हां अक्षरशून्य माणसाचीहि साक्ष कागदावर उमटत असे ही गोष्ट निर्विवाद ठरते. १८८३ च्या कायद्यांत कुणब्याच्या नांगराला ही जागा राहिली नाहीं. परंतु गोतांत बसण्याचा अधिकार वतनानें येत असे, आणि बायका व वतनाबाहेरचीं माणसें यांस तो नव्हता. जुन्याचा अभिमान बाळगणाऱ्यांनीं महजरावरील निशाण्या मोजाव्या, तशा तेथें नसलेल्याहि मोजाव्या.

१९१९ च्या सुधारणा-कायद्यानें प्रांतिक कायदेकौन्सिलासाठीं प्रत्यक्ष मतदार आले. मध्यप्रांताच्या कौन्सिलांत निवडून आलेल्या ५४ जागा होत्या, त्यांपैकीं १७ वऱ्हाडच्या. पण वऱ्हाड १९०२ च्या करारानें इंग्रजांकडे कायमच्या पट्ट्यानें आलेलें, त्यावरील निजामाचें स्वामित्व नांवाला शिल्लक. तेव्हां तेथील मतदारांनीं निवडलेल्या माणसाला सरकारनें पुन्हा 'नेमावयाचें' अशी कायद्याची कसरत करण्यांत आली. आष्टीकडील मतदाराचा प्रतिनिधि 'निवडलेला', आणि नदीपलीकडच्याचा, तितकींच मतें मिळवूनहि, 'नेमलेला'. कौन्सिलाच्या छापील कामकाजांत सभासदांचीं नांवें चाळणाऱ्या संशोधकानें ही खूण लक्षांत ठेवावी. एरवीं वऱ्हाडचे पुढारी सरकारनियुक्त होते असा भलताच निष्कर्ष निघावयाचा.

मतदाराची पात्रता सारा, खंड, कर अशा रकमांवर ठरली होती, त्यामुळें संख्या थोडी राहिली. तरी १९२३ च्या निवडणुकींत याच थोड्या मतदारांनीं स्वराज्यपक्षाला ५४ पैकीं ४१ जागा दिल्या, आणि मार्च १९२४ मध्यें त्या कौन्सिलानें मंत्र्यांचा पगार वर्षाला दोन रुपये ठरविला. डॉ. मुंजे प्रभृतींचा हा डाव येथें विस्तारानें सांगण्याचें कारण नाहीं. पण जमीनदारांच्या हातीं मत दिलें म्हणजे सरकारचें आसन स्थिर राहील हा हिशोब आमच्या प्रांतानें पहिल्या पांच वर्षांतच चुकविला, एवढें नमूद केलें पाहिजे.

या कौन्सिलापुढें आलेला मताच्या नियमांचा सर्वांत महत्त्वाचा वाद बायकांचा. साउथबरो कमिटीनें १९१९ मध्यें स्त्रियांस मत देऊं नये असें ठरविलें; पडद्याची चाल व व्यवस्थेची अडचण हीं तिचीं कारणें. पार्लमेंटानें हात झटकले आणि ज्या त्या प्रांताच्या कौन्सिलानें ठराव करून ही बंदी उठवावी अशी मोकळीक ठेविली. १९२१ मध्यें मद्रास व मुंबई यांनीं तसें केलें, १९२३ मध्यें संयुक्त प्रांतानें, १९२५ मध्यें बंगालनें. मध्यप्रांताचा क्रम लागला १९२७ मध्यें. मुंबईच्या मागें सहा वर्षें! पडद्याचा मुद्दा आमच्या शेतकरी मुलखांत कसा टिकला हें कोडेंच आहे, कारण कापूस वेंचण्यास व निंदणीस जाणारी बाई पडद्यांत असल्याचें कोणीं पाहिलें आहे? व्यवस्थेची अडचण सांगून हक्क रोखणें ही युक्ति मात्र त्या वेळेपासून रुळली, व पुढें ती अनेकांच्या उपयोगी पडली. बंदी उठली तरी मालमत्तेची अट कायम होती, म्हणून ज्या बाईच्या स्वतःच्या नांवें सारा वा कर भरला जाई तिलाच मत. अशा बाया प्रायः विधवा. १९२८ मध्यें सौ. अनसूयाबाई काळे कौन्सिलांत आल्या त्या निवडणुकीनें नव्हे, नेमणुकीनें. पुढें १९३७ च्या असेंब्लींत त्याच उपाध्यक्ष झाल्या.

आतां मताच्या राखणीकडे वळूं. मतदार थोडे व ओळखीचे होते तोंवर तिचा कायदा नव्हता. प्रत्यक्ष मतदार येतांच १९२० च्या ३९ व्या कायद्यानें हिंदी दंडसंहितेंत नऊ-अ हें प्रकरण घालण्यांत आलें. लांच, अनुचित दडपण, तोतयेगिरी, उमेदवाराविषयीं खोटें विधान, हिशोब न ठेवणें, हे त्यांतील अपराध. हीं कलमें आश्चर्यकारक दीर्घायुषी ठरलीं. १ जुलै २०२४ पासून दंडसंहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली, तरी थोड्याफार शब्दांच्या फरकानें १६९ पासून १७७ पर्यंतच्या कलमांत तीं नांदत आहेत.

यांतील दडपणाचें कलम आम्हांस विशेष मननीय वाटतें. मतदारावर देवाचा कोप होईल किंवा तो धर्मदृष्ट्या दोषी ठरेल असा समज त्याच्या मनांत उत्पन्न करणें, हाहि कायद्यानें दडपणाचाच प्रकार मानला. याचें मूळ विलायतेंत आहे. आयर्लंडांतील धर्मोपदेशकांच्या धाकाचे खटले एकोणिसाव्या शतकांत गाजले होते, आणि १८८३ च्या इंग्रजी कायद्यांत ऐहिक इजेबरोबर आध्यात्मिक इजेचाहि उल्लेख होता. आमच्याकडे मुकादमांना मत मिळालें तेंच हें वर्ष. परंतु परकीय बीज असलें तरी भूमि तयार होती. बेलभंडार उचलून घेतलेली शपथ आमच्या मुलखांत कोणत्याहि रोख्याहून पक्की. गोतापुढील तंट्यांत क्रिया आणि दिव्य यांवर निकाल होत, म्हणजे तेथें देवाचा कोप हाच पुरावा. ज्या समाजांत देवाच्या भीतीनें सत्य बाहेर काढीत, त्याच समाजांत त्याच भीतीनें मत दाबून टाकतां येईल, हें कायदा करणाराला कळलें होतें. आणि तेवढ्यासाठीं साक्षीचा देव व मताचा देव यांची फारकत झाली. धर्मशास्त्राच्या अभ्यासकांनीं या फारकतीचा विचार करावा. आम्हांस ती योग्य वाटते. साक्ष ही घडलेल्या गोष्टीची असते, तेथें खरें एकच. मत हें मनाचें असतें; तेथें दुसऱ्याच्या देवाला काम नाहीं.

कायदा झाला तरी गुप्ततेचा प्रश्न उरला. त्या वेळचे बहुसंख्य मतदार निरक्षर, म्हणून असा मतदार आपलें मत मतदानाच्या अधिकाऱ्यास सांगे व अधिकारी कागदावर खूण करी. हें वाचतांना आम्हांस विनयपिटकांतील चुल्लवग्गाची आठवण होते. भिक्षुसंघांत मतभेद झाल्यास शलाका वांटून बहुमत पाहत. त्या वांटणारास 'शलाकाग्राहापक' म्हणत. तो स्नेह, द्वेष, मोह व भय यांच्या आहारीं न जाणारा, आणि शलाका घेतली कीं नाहीं हें ओळखणारा असावा, अशी त्याची पात्रता सांगितली आहे. शलाका घेण्याचे प्रकार तीन : गूढ, कानांत सांगून, व उघड. पहिल्यांत निरनिराळ्या रंगांच्या शलाका करून ज्यानें त्यानें आपली घ्यावी व दुसऱ्यास दाखवूं नये असें बजावीत. दुसऱ्या प्रकारांत कानाशीं कुजबुज. मध्यप्रांतांतील निरक्षर मतदाराचें मत हें सरळसरळ या दुसऱ्या प्रकारचें होतें. मात्र येथें कान सरकारी नोकराचा, आणि खोलींत उमेदवारांचे प्रतिनिधि. पुढें १९३७ मध्यें मद्रास प्रांतांत उमेदवारांच्या रंगीत पेट्या ठेविल्या, काँग्रेसची पिवळी, तेव्हां पहिला प्रकार दोन हजारांहून अधिक वर्षांनीं परतला म्हणावयाचा.

परंतु हें साम्य ताणूं नये. कै. काशीप्रसाद जयस्वाल यांचा 'हिंदू पॉलिटी' हा ग्रंथ १९२४ मध्यें आल्यापासून आमच्यांतील पुष्कळांस प्राचीन लोकसत्तेचा असा उमाळा आला कीं मूळ पाठ पुरता वाचण्याची गरज वाटेनाशी झाली. त्याच चुल्लवग्गांत पुढें असें आहे कीं शलाका मोजल्यावर अधर्मवादी अधिक भरले तर 'मतदान नीट झालें नाहीं' म्हणून तें परत घ्यावें, आणि धर्मवादी अधिक भरले तर 'नीट झालें' म्हणून जाहीर करावें. म्हणजे मोजणाराला निकाल आधींच ठाऊक! संघाचा हेतु सत्य राखण्याचा होता, मत राखण्याचा नव्हता. डॉ. आंबेडकरांनीं २५ नोव्हेंबर १९४९ च्या घटनासमितींतील भाषणांत भिक्षुसंघाच्या सभा-नियमांचा गौरवानें उल्लेख केला तो यथार्थच आहे. पण मोजणाराच्या हातून हा अधिकार काढून घेणें हेंच नव्या घटनेचें खरें नावीन्य, असें आम्हांस वाटतें.

डॉ. आंबेडकरांचें नांव आलें त्या अर्थीं १९३२ सालाकडे वळणें प्राप्त आहे, कारण त्या वर्षीं मताच्या नियमांचा सर्वांत तीव्र वाद आमच्या प्रांताच्या भूमीवर झाला. त्या वर्षाच्या आरंभीं डॉ. मुंजे व मद्रासचे राजा यांच्यांत संयुक्त मतदारसंघ व राखीव जागा यांवर करार झाला आणि अमरावतीचे गणेश आक्काजी गवई यांनीं त्याची बाजू उचलली. उलट मे १९३२ मध्यें नागपुराजवळ कामठी येथें मुनिस्वामी पिल्ले यांच्या अध्यक्षतेखालीं भरलेल्या अस्पृश्यांच्या परिषदेनें स्वतंत्र मतदारसंघाचा आग्रह धरला. २४ सप्टेंबर १९३२ च्या पुणें-करारानें मधला मार्ग निघाला : प्रांतिक कौन्सिलांत एकंदर १४८ राखीव जागा, पैकीं मध्यप्रांतास २०, आणि प्रत्येक जागेसाठीं आधीं अस्पृश्य मतदारांनींच चार जणांची यादी निवडावी, मग त्यांतून सर्वांनीं मिळून एक.

करार सर्वांना आठवतो, त्यानंतरचा बारीक झगडा कोणास आठवत नाहीं. वास्तविक मताचें सामर्थ्य त्या बारकाव्यांतच होतें. चार म्हणजे कमींत कमी चार, कीं अधिकांत अधिक? कमींत कमी म्हटलें तर चौथा उमेदवार बाहेरून कोणीहि उभा करील आणि सर्वांच्या मतांनीं तोच निवडून येईल. दुसरा प्रश्न, अनेक जागांच्या मतदारसंघांत मतदारानें आपलीं सर्व मतें एकाच उमेदवारास द्यावीं, कीं एकेकास एकेक अशीं वांटावीं? वांटावयाचीं झाल्यास सवर्णांचीं उरलेलीं मतें राखीव जागेवर पडून तिचा निकाल फिरवितील. एकत्र देतां आलीं तर थोडे मतदारहि आपला माणूस आणूं शकतील. १९३५-३६ च्या हॅमंड कमिटीपुढें हे मुद्दे आले व दोहोंतहि डॉ. आंबेडकरांचें म्हणणें टिकलें. मुंबई प्रांतांत १९३७ ची निवडणूक मतें एकत्र देण्याच्या पद्धतीनें झाली. पुणें-करारावर ग्रंथच्या ग्रंथ झाले आहेत. या दोन कलमांसाठीं पांच पानें खर्चिलेलीं आम्हांस क्वचितच आढळलीं.

१९३५ च्या कायद्यानें मतदार पुष्कळ वाढले. मध्यप्रांत-वऱ्हाडच्या असेंब्लीस ११२ जागा झाल्या, त्यांत तीन स्त्रियांच्या. पण त्याच कायद्यांत एक काटा होता. दोन वर्षें वा अधिक शिक्षा झालेल्या माणसास, सुटून पांच वर्षें होईपर्यंत, गव्हर्नरानें सवलत दिल्यावांचून उमेदवार होतां येत नसे. चोर-दरोडेखोर कायदेमंडळांत येऊं नयेत हा हेतु चांगलाच. परंतु १९४२ नंतर आष्टीसारख्या गांवीं त्याचा अर्थ काय झाला असेल याची कल्पना करावी. ज्यांना गांव हुतात्म्यांचे सोबती मानी, ते या कलमाच्या दृष्टीनें अपात्र. निवडणूक निर्मळ ठेवण्याचा नियम कोणाच्या हातीं आहे यावर त्याची धार कोणीकडे वळेल हें ठरतें, आणि हें कलम थोड्या फरकानें स्वतंत्र भारताच्या १९५१ च्या लोकप्रतिनिधित्वाच्या कायद्यांतहि उतरलें आहे.

प्रौढ मतदानानें मालगुजारी मताचा शेवट झाला, आणि योगायोग असा कीं ३१ मार्च १९५१ रोजीं प्रांतांतील मालगुजारीहि संपुष्टांत आली. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या यादींत देशभर १७ कोटि ३२ लाख मतदार होते. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांच्यापुढें तेव्हां एक विलक्षण अडचण आली. उत्तरेकडील कित्येक राज्यांत बायकांनीं आपलें नांव न सांगतां 'अमक्याची बायको', 'तमक्याची मुलगी' असें लिहविलें. शेवटीं सुमारें २८ लाख नोंदी काढून टाकाव्या लागल्या. कोणी म्हणतील हा अन्याय झाला. परंतु नांवावांचून मत दिलें असतें तर तोतयेगिरीला मोकळें रान होतें, आणि बाईचें मत पुन्हा नवऱ्याचेंच झालें असतें. हा कठोर निर्णय आम्हांस बरोबर वाटतो; पुढील निवडणुकींत त्या बाया नांवानिशीं यादींत आल्या. मतदानाची पद्धतीहि त्या वेळीं पेट्यांची होती : प्रत्येक उमेदवाराची चिन्हांकित पेटी, कोऱ्या मतपत्रिका तींत टाकावयाच्या. अक्षरशून्याला सोपी, पण मतपत्रिका पेटींत न टाकतां बाहेर नेऊन विकण्याची सोय हिच्यांत होती. म्हणून साठाच्या सुमारास फुलीच्या शिक्क्याची पद्धत आली, आणि मागाहून यंत्र. शिक्षकाच्या पेशामुळें शिक्का व यंत्र या दोन्ही काळांत मतदान-केंद्रावर बसण्याचा योग आम्हांस अनेकवार आला. दृष्टिहीन वा पंगु मतदारास सोबती नेण्याची मुभा आजहि आहे, आणि त्या सोबत्याकडून गुप्ततेचें प्रतिज्ञापत्र घेतांना चुल्लवग्गांतील कानांतील कुजबूज आम्हांस हटकून आठवत असे.

गांवपातळीवर हा झगडा अजून थांबलेला नाहीं. सरपंच गांवकऱ्यांनीं थेट निवडावा कीं पंचायतीच्या सभासदांनीं? महाराष्ट्रांत २०१७ मध्यें थेट निवडीचा नियम झाला, २०२० मध्यें तो रद्द झाला, आणि २०२२ मध्यें पुनः आला. सभासदांनीं निवडावा म्हटलें तर निवडीआधीं सभासदांना 'सहलीला' नेण्याचा प्रकार होतो. थेट निवडावा म्हटलें तर सरपंच एकीकडचा व पंचायतीचें बहुमत दुसरीकडचें. दोन्ही बाजूंस वजन आहे. परंतु नियम सरकारबरोबर पालटतो तेव्हां कारणें मागाहून शोधलेलीं वाटतात. तामिळ देशांतील उत्तरमेरूरच्या शिलालेखांची येथें तुलना होऊं शकते. परांतक चोळाच्या काळीं, इ. स. ९१९ च्या सुमारास, त्या अग्रहारानें समित्यांच्या निवडीचे नियम केले. दोनच वर्षांनीं ते बदलले. वयाची मर्यादा ३० ते ६० होती ती ३५ ते ७० झाली. ज्यानें हिशोब दिला नाहीं तो व त्याचे नातेवाईक बाद. पहिल्या नियमांनीं कांहीं बिघडलें असलें पाहिजे हें उघड आहे. आणि त्या सभेनें जुने व नवे दोन्ही नियम दगडावर राहूं दिले, हा तिचा मोठेपणा.

आमच्याकडे दगड नाहीं, पातळ कागद आहे, आणि तो वेगानें नाहींसा होत आहे. १९२० ते १९४६ या काळांतील आर्वी, वर्धा व हिंगणघाट तहशिलींच्या छापील मतदार-याद्या, तसेंच १८८३ च्या कायद्याखालील मुकादम-गटांच्या नोंदी ज्यांच्या संग्रहीं असतील, त्यांनीं त्यांची नक्कल मंडळाकडे पाठवावी अशी विनंति आहे. यादीचें वर्ष, मतदारसंघाचें नांव, पृष्ठसंख्या, पात्रतेचा रकाना असल्यास त्यांतील मजकूर, आणि १९२७ नंतरच्या याद्यांत बायकांचीं नांवें किती व तीं स्वतःच्या नांवानें कीं नवऱ्याच्या, इतकें कळविलें तरी पुरे. यादीवर शाईनें केलेल्या खुणा व खोडलेलीं नांवें असल्यास तीं पुसूं नयेत.